पिशवी कुठे गेली?

परवा दुपारी दुकानात फारशी गर्दी नव्हती, तेवढ्यात एक ओळखीचे शेतकरी आले, खिशातून प्लास्टिकची छोटी बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि एकदम कौतुकाने म्हणाले, भाऊ हे बघ, मंडळीच्या पोटातून निघाले, अठरा नग. बाटलीत खडे होते, मुगाच्या डाळीपासून हरभऱ्याएवढे, मातकट पिवळे, एकदोन काळपट. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, चार दिवस झाले, आता एकदम ओके आहे म्हणे. मी खडे बघितले न बघितले आणि विचारलं, "आणि पिशवी कुठे गेली?"

त्यांनी हातातली कापडी पिशवी वर करून दाखवली. "ही काय."

मी विचारत होतो पित्ताच्या पिशवीचं. मला हसू आलं पण खरं सांगू का, पोटात गोळाही आला. कारण तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला माझ्या मावसबहिणीने फोनवर विचारला होता आणि तेव्हा मीपण असाच येड्यासारखा उभा होतो. त्यांना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि आमच्या आईची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय, जरा लांबेल, पण लिहितो.

२०२२ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या वर्षी आखाजी आणि ईद एकाच दिवशी आली होती, ३ मेला, म्हणून चांगलं लक्षात आहे. घरात बहिणी माहेरी आलेल्या, अंगणात झोका बांधलेला, मांडे आणि आमरसाचा बेत, आणि रात्री साडेअकराला आई उठून बसली. उजव्या बरगडीखाली दुखतंय, मागे पाठीतून खांद्यापर्यंत कळ जातेय, दोनदा उलटी झाली. आम्ही सगळे म्हणालो, तुपाचं जास्त झालं. आई स्वतःच म्हणाली, "काही नही व्हयेल माले, पित्त चढनं." हे पित्त तिचं दहा वर्षांपासून चढतच होतं. लग्नातली शेवभाजी खाल्ली की पित्त, भरीत-पुरी खाल्ली की पित्त, त्यावर सोडा, ओवा, मेडिकलवाल्याने दिलेली गुलाबी गोळी, आणि तास-दोन तासांत थांबायचंच, म्हणून कोणी पुढे विचार केलाच नाही. नंतर कळलं की हे असं जेवणानंतर तास-दोन तास दुखून थांबणं म्हणजे बऱ्याचदा खडा पिशवीच्या तोंडाशी अडकून परत मागे सरकणं असतं. तूपतेल पोटात गेलं की पित्ताची पिशवी आवळते, आवळली की आतला खडा तोंडाशी येतो. आपण त्याला ॲसिडिटी म्हणत बसतो. आणि त्या दोनतीन महिन्यांत आईचं जेवण कमी झालं होतं, ब्लाउज ढगळ व्हायला लागले होते, हे पण आम्हाला नंतर जुने फोटो बघताना दिसलं. उन्हाळ्यात कोणाला भूक लागते, असं म्हणून सोडून दिलेलं.

दोन दिवसांनी सोनोग्राफीला नेलं. उपाशीपोटी आणा सांगितलं होतं, सहा ते आठ तास काही खायचं नाही. तिथे डॉक्टरांनी ते जेल लावलं, मशीन फिरवलं, परत फिरवलं, कपाळाला आठ्या, आणि म्हणाले, मावशी काय खाऊन आलात? आई म्हणाली काही नाही. मग जरा वेळाने हळूच म्हणाली, "इतलासा च्या पिधा, त्याना काय गुन्हा शे का?" झालं. दुधाचा चहा आणि दोन टोस्ट. डॉक्टरांनी सांगितलं की पिशवी आवळून बसलीय, आवळलेल्या पिशवीची भिंत जाडच दिसते, मग मला कळत नाही ती खरंच जाड आहे की चहामुळे, उद्या या. मला तेव्हा राग आला होता, चाळीस किलोमीटर येऊन परत जायचं, तेही ४४ डिग्रीत. आज मला त्या डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटतात कारण दुसरा कोणी असता तर तसंच काहीतरी लिहून मोकळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी खरंच उपाशी नेलं. पिशवीत खूप खडे, मोठ्यात मोठा १८ मिलिमीटर. हे आम्ही वाचलं. त्याच्या खाली एक ओळ होती ती आम्ही वाचली पण समजली नाही. पिशवीच्या तळाकडे भिंत ६ मिलिमीटर जाड, एकसारखी नाही, एका बाजूला जास्त, कॉन्ट्रास्ट सीटी करून बघावा. नॉर्मल भिंत ३ मिलिमीटरपर्यंत असते. खड्यांमुळे सूज येऊन ती जाड होऊ शकते, ते रोजचं आहे, पण तेव्हा ती सहसा सगळीकडून सारखी फुगते. एकाच ठिकाणी जाड आणि खडबडीत असेल तर रेडिओलॉजिस्टला शंका येते. त्याने शंका लिहिली होती, अगदी स्वच्छ टाइप करून. ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन ठरलं तिथे (नाव नको, गाव पण नको) सर्जनने रिपोर्ट बघून सांगितलं, खडे आहेत, सूज आहे, काढून टाकू, सीटीची काय गरज, पाच-सहा हजार कशाला घालवता. आम्हालाही ते बरंच वाटलं. सर्जन वाईट होता असं मी म्हणत नाही. आपल्याकडे रोज चार पिशव्या काढणाऱ्या माणसाला भिंत जाड म्हणजे सूज हेच दिसणार. शंका होती ती पित्ताच्या पिशवीच्या कॅन्सरची, आणि हा आजार मुळात गंगेकाठचा, यूपी, बिहार, बंगाल, आसाम, त्या पट्ट्यात जगातल्या सगळ्यात जास्त केसेस निघणाऱ्या ठिकाणांपैकी काही आहेत, आणि तिकडे चिलीमध्ये. आपल्या महाराष्ट्रात त्या मानाने फार कमी. म्हणून इथे डोक्यातच येत नाही.

ऑपरेशन झालं तेव्हा अमळनेरात सखाराम महाराजांच्या यात्रेचे पाळणे बोरीच्या पात्रात लागले होते, कोविडनंतर यात्रा भरलेली, पाहुणे दवाखान्यात आईला बघायला यायचे आणि तिथून थेट यात्रेत. तिसऱ्या दिवशी सोडलं. चार छोटी भोकं, त्यावर पट्ट्या, हातात बाटली. त्या बाटलीचं जे कौतुक झालं ते विचारू नका, शेजारच्या बायका हातात घेऊन हलवून बघायच्या, माझ्या भाच्याने मोजले, एकतीस. आणि ज्या पिशवीत ते एकतीस खडे दहा वर्षं बसले होते ती पिशवी कुठे आहे हे एकाही माणसाने विचारलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी काउंटरवर एका बाईने विचारलं होतं, पिशवी तपासायला पाठवायची का, त्याचे वेगळे लागतील, आणि आमचे नाना (वडिलांचे धाकटे भाऊ, सगळे व्यवहार त्यांच्याकडे) म्हणाले, काढून टाकलेल्या वस्तूला काय तपासायचं? मी बाजूलाच उभा होतो. मला ते बोलणं एकदम पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

रात्री मावसबहिणीचा फोन आला, ती नाशिकला सिस्टर आहे. मी खड्यांचा फोटो तिला आधीच पाठवला होता. तिने पहिलं वाक्य हेच विचारलं, भाऊ पिशवी कुठे गेली? मी म्हटलं टाकली असेल. ती एवढी चिडली की मी फोन कानापासून लांब धरला. म्हणाली सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठव. पाठवला. पाच मिनिटं काही उत्तर नाही, मग परत फोन, आवाज एकदम शांत, म्हणाली आत्ता जा, सकाळची वाट बघू नको, ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, मावशींना विचार डबा आहे का. मी साडेनऊला मोटरसायकल काढली. तो डबा सापडला, ओटीच्या बाहेर सिंकखाली, दोन-तीन दुसऱ्या डब्यांसोबत, वर चिकटपट्टीवर आईचं आडनाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं. पांढऱ्या झाकणाचा साधा डबा, आत पाण्यासारखं औषध, म्हणजे फॉर्मेलिन, आणि त्यात राखाडी चिंधीसारखं काहीतरी. मावशी म्हणाल्या उद्या गाडी येते कचऱ्याची, त्यात जाणार होतं. फॉर्मेलिनमध्ये होतं हे नशीब, नुसतं तसंच ठेवलं असतं तर त्या उन्हात सडून गेलं असतं आणि तपासण्यासारखं काही उरलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी तो डबा मी स्वतः जळगावच्या लॅबला नेला. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी सोनोग्राफीचा कागदही दिला आणि ते बरं झालं, कारण त्यांनी सांगितलं की खड्याची पिशवी आली की साधारण दोनचार ठिकाणचे तुकडे घेऊन बघतात, पण तळाकडे शंका आहे असं माहीत असेल तर तिथले जास्त तुकडे घेता येतात. तुकडे मेणात बसवतात, त्याच्या तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या काढतात, काचेवर चिकटवून गुलाबी-जांभळा रंग देतात आणि मग मायक्रोस्कोप. पाच-सहा दिवस लागतात. एवढे का लागतात म्हणून मी तेव्हा लॅबवाल्या पोराशी वाद घातला होता, पण ते काही रक्ताच्या थेंबासारखं मशीनमध्ये टाकलं आणि आकडा आला असं नसतं.

सहाव्या दिवशी फोन आला, घरातल्या दुसऱ्या कोणाला नका पाठवू, तुम्ही या. तेव्हाच कळलं.

ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. मॅडमनी कागदाच्या मागे पेनने पिशवीच्या भिंतीचे थर काढून दाखवले, मी तो कागद अजून ठेवलाय. आतलं अस्तर, मग स्नायूचा थर, मग त्याच्या बाहेरचा मऊ थर, आणि सगळ्यात वर पातळ आवरण. कॅन्सर अस्तरात सुरू होतो आणि बाहेर सरकत जातो. अस्तराखालीच थांबला असेल तर त्याला टी-वन-ए म्हणतात, त्यात पिशवी काढली की बहुतेक काम झालं. स्नायूत शिरला की टी-वन-बी, स्नायू ओलांडला की टी-टू. आईचा टी-टू. आणि यकृताला जिथे पिशवी चिकटलेली असते त्या बाजूला ते वरचं आवरणच नसतं, म्हणून तिकडून यकृतात जायला त्याला फार अडवणारं काही नाही. म्हणजे नुसती पिशवी काढून पुरत नाही, परत ऑपरेशन करून यकृताचा लागून असलेला भाग आणि आजूबाजूच्या लसीकागाठी (लिम्फ नोड) काढाव्या लागतात. हे सगळं त्यांनी वीस मिनिटं बसून समजावलं, बाहेर पेशंट थांबलेले असताना. मला फक्त एवढंच दिसत होतं की हा कागद सिंकखालून कचऱ्याच्या गाडीत चालला होता.

आईला सांगायचं नाही असं घरात ठरलं. ते ठरणं किती टिकलं तर मी घरी पोचून बूट काढेपर्यंत. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खरं सांग भाऊ, कॅन्सर शे ना?" मी काही बोललो नाही. "मंग रडस काब्र? काढी टाकं ना त्यास्नी."

मुंबईला टाटाला जायचं ठरलं, परळला. लॅबमधून स्लाइडी आणि मेणाचे ब्लॉक घेऊन जायला सांगितलं कारण मोठ्या हॉस्पिटलला आपला रिपोर्ट चालत नाही, ते स्लाइड स्वतः परत बघतात, आणि ते बरोबरच आहे. आता मेणाचा ब्लॉक म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला की मे महिना, जळगाव, हे वितळणार. मी लॅबवाल्या पोराला विचारलं बर्फात घालून नेऊ का. तो हसला, म्हणाला दादा हे मेण छपन्न-सत्तावन्नच्या पुढे वितळतं, जळगाव अजून तिथं पोचलं नाही, फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मी तरी ती डबी रुमालात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि रात्रभर रेल्वेत दर स्टेशनला हात लावून बघत होतो.

तिकडे गेल्यावर डॉक्टरांनी जे विचारलं त्यातला एक प्रश्न मी कधी विसरणार नाही. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी पिशवी फाटली होती का, पित्त पोटात सांडलं का, आणि पिशवी बाहेर काढताना प्लास्टिकच्या बॅगेत घालून काढली की तशीच भोकातून ओढली? कारण पित्तासोबत पेशी सांडल्या तर पोटात इतर ठिकाणी रुजू शकतात. आमच्या डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनबद्दल एकच ओळ होती, ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. फोन करून सर्जनना विचारावं लागलं. त्यांनी मात्र आठवून खरं सांगितलं, फाटली नव्हती, बॅग वापरली नव्हती. त्यांचाही आवाज उतरला होता.

मग छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी. आधी क्रिएटिनिन बघतात, किडनी ठीक असेल तरच कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून सोडतात. ते सोडलं की यकृत, रक्तवाहिन्या, गाठी सगळं वेगवेगळं उठून दिसतं, साध्या सोनोग्राफीत न दिसणारं. रक्तात सीए १९-९ नावाची एक तपासणी केली, तिचा आकडा साधारण ३७ च्या आत असावा लागतो, आईचा आला १४. नाना एकदम खूश, म्हणे बघा रिपोर्ट नॉर्मल, लॅबवाल्यांनी चूक केली. डॉक्टर म्हणाले तसं नसतं. कॅन्सर लवकरचा असेल तर हा आकडा बऱ्याचदा नॉर्मलच असतो, काही लोकांच्या रक्तात तो पदार्थ जन्मतःच तयार होत नाही, आणि उलट नुसत्या खड्याने पित्ताची नळी तुंबून कावीळ झाली तरी तो शेकड्यांत जातो. म्हणजे या एका आकड्यावर हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आता फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हे असले मार्कर टाकून विकतात आणि लोक आकडा बघून एकतर नाचतात नाहीतर रडतात.

मी तिथे एक शंका विचारली होती जी सगळ्यांना येते. सोनोग्राफीत संशय होता तर आधी सुई घालून तुकडा काढून का नाही बघत, ऑपरेशन कशाला? उत्तर असं की जी गाठ काढता येण्यासारखी दिसते तिला शक्यतो सुई लावत नाहीत, सुईच्या वाटेने पेशी पसरायची भीती असते. सीटीवर संशय पक्का असेल तर सरळ मोठं ऑपरेशनच करतात आणि काढलेल्या पिशवीवरून निदान होतं. सुई लागते ती ज्यांचं ऑपरेशन शक्यच नाही त्यांना, कारण केमो सुरू करण्याआधी हा कॅन्सरच आहे आणि कोणता आहे याचा कागद लागतो.

असा कागद मिळायची वाट बघणारा एक मुलगा मला तिथे ओपीडीच्या बाहेर भेटला. बिहारचा, आईला घेऊन पवन एक्सप्रेसने आलेला. म्हणजे भुसावळ, जळगाववरूनच गेला की तो. आपण प्लॅटफॉर्मवर उभे असतो आणि समोरून काशी, कामायनी, पवन भरून जातात, तेव्हा आपल्याला वाटतं सगळे मजुरीला चाललेत. त्याच्या आईच्या अंगाला पिवळ्या रंगाची पिशवी लावलेली होती, उजव्या कुशीतून नळी निघालेली आणि नळीतून हिरवट पित्त त्या पिशवीत. गाठीने पित्ताची नळीच दाबून टाकली होती म्हणून पित्त असं बाहेरून काढावं लागत होतं. तो मला म्हणाला, "भैया, आपका तो ऑपरेशन के बाद पता चला, हमको तो तब पता चला जब अम्मा की आंख पीली हो गई." त्यातही दीड महिना गावात कावीळ उतरवण्यात गेला होता.

हे ऐकून मी हसू शकलो नाही कारण आपल्याकडे काय वेगळं आहे. डोळे पिवळे झाले की आधी कुठे जातात, कावीळ उतरवणाऱ्याकडे. गळ्यात माळ घालतात, ती रोज थोडी लांब होते म्हणजे कावीळ उतरतेय, हाताला चुना चोळून पाणी पिवळं करून दाखवतात, नाकात थेंब सोडतात. आमच्या शेजारच्या गावात अजून शनिवारी रांग असते. साधी विषाणूची कावीळ आपोआप उतरते आणि नाव त्या माळेचं होतं. पण नळी तुंबल्याची कावीळ वेगळी, ती वाढतच जाते, अंगाला खाज सुटते, लघवी गडद आणि संडास पांढुरकी, मातीच्या रंगाची होते. पन्नाशीच्या पुढच्या बाईला अशी कावीळ झाली, त्यात वजन उतरतंय, तर माळ नाही, सोनोग्राफी आणि एमआरसीपी लागते, ज्यात पित्ताच्या नळ्यांचा पूर्ण नकाशा एमआरआयवर दिसतो. बाया म्हणतोय कारण हा आजार बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो आणि आपल्याकडच्या बायका दुखणं शेवटपर्यंत अंगावर काढतात, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होणार.

जूनमध्ये आईचं दुसरं ऑपरेशन. इकडे दुकानात बियाण्याची गर्दी, बायकोने एकटीने सगळं ओढलं. ऑपरेशनच्या सकाळी सर्जन म्हणाले, आधी दुर्बीण टाकून पोटात कुठे दाणे पसरलेत का बघणार, मग पोट उघडून मोठ्या रक्तवाहिनीजवळची एक लसीकागाठ काढून लगेच तपासायला पाठवणार, त्यात कॅन्सर निघाला तर पुढे काही काढण्यात अर्थ नसतो, तसंच बंद करणार. म्हणजे मी जर तासा-दीड तासात बाहेर आलो तर समजून घ्या. वेळ लागला तर चांगलं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हणत होतो की उशीर कर. दहा वाजले, साडेदहा, दरवाजा उघडला की काळीज थांबायचं, कोणी दुसऱ्याच पेशंटचं नाव घ्यायचं. अकरा. साडेअकरा. नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "चालू दे, चालू दे." सव्वादोनला सर्जन बाहेर आले.

त्या ऑपरेशनचा रिपोर्ट परत आठ-दहा दिवसांनी, यकृताच्या तुकड्यात काही नाही, नऊ लसीकागाठी काढल्या त्यात एकातही नाही. मग सहा महिने केमोच्या गोळ्या, हातापायाची कातडी सोलली, पण ती गोष्ट वेगळी, परत कधीतरी.

दुसरी बाजूही सांगतो नाहीतर लोक घाबरतील. आम्ही ॲडमिट होतो तेव्हा रावेरकडचे एक केळीवाले होते, त्यांचीही भिंत जाड, सीटीवर यकृताला चिकटलेली, सीए १९-९ पण वाढलेलं, सगळं कॅन्सरसारखं. तेच मोठं ऑपरेशन केलं. रिपोर्ट आला झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस, म्हणजे जुनाट सुजेची एक जात, कॅन्सर नाहीच. त्यांचा जावई भडकला, विनाकारण यकृत कापलं म्हणून. मला विचाराल तर त्यात कोणाची चूक नाही, ही सूज कॅन्सरची इतकी हुबेहूब नक्कल करते की कधीकधी पिशवी हातात आल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. मी त्या जावयाला म्हणालो, तुमचा रिपोर्ट मला द्या, माझा तुम्ही घ्या. मग तो गप्प बसला.

आणि खडे आहेत म्हणून लगेच कॅन्सर होईल असंही नाही हो. कॅन्सर झालेल्यांपैकी बहुतेकांच्या पिशवीत खडे सापडतात हे खरं, पण खडे असलेल्या शंभरातल्या एखाद-दुसऱ्यालाही मुश्किलीने तो होतो. काहीच त्रास नसेल तर बऱ्याच जणांना डॉक्टर ऑपरेशनही करू नका सांगतात. खडा तीन सेंटिमीटरच्या वर गेला, पिशवीत एक सेंटिमीटरपेक्षा मोठा पॉलिप (आतून वाढलेला कोंब) दिसला, भिंतीत कॅल्शियम साचलं, किंवा आईसारखी एकाच बाजूला भिंत जाड असली तर मात्र साधा खड्याचा पेशंट म्हणून बघायचं नाही, ऑपरेशनच्या आधी सीटी लागेल का हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि सोनोग्राफीचा कागद हातात आला की खड्याच्या आकड्यावर थांबू नका, वॉल, म्हणजे भिंत, लिहिलेली ओळ शोधा. ऑपरेशन झालं तर पिशवी तपासून घ्या, ऑपरेशनच्या खर्चापुढे तो पैसा काहीच नाही, आम्ही त्यापेक्षा जास्त पैसे त्या दिवशी पाहुण्यांच्या उसाच्या रसावर घालवले होते.

तर परवाचे ते पाहुणे. सगळं ऐकून चहा तसाच राहिला त्यांचा. मग जरा आठवून म्हणाले, एक डबडं दिलं होतं खरं दवाखान्याने, सोबत चिठ्ठी पण होती, जळगावला द्या म्हणून. मी विचारलं कुठे आहे ते. म्हणाले, "बाया म्हने घरमा नको, वास येस, मंग गोठाना कोनाडामा ठेई दिधं." म्हशीच्या डोक्यावर, चार दिवस. झाकण घट्ट आहे का विचारलं तर म्हणाले आहे बुवा. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता उचला आणि चिठ्ठीसकट लॅबला द्या, आणि सोनोग्राफीची झेरॉक्स सोबत द्या. ते उठले, गाडीला किक मारली आणि गेले.

खड्यांची बाटली काउंटरवरच विसरून गेले. रात्री घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, ती बाटली त्यास्ले इतक्यात देऊ नको, रिपोर्ट लई ये म्हना, मंग लई जा. सध्या ती फवारणीच्या औषधांच्या रॅकवर ठेवलीय, रिपोर्ट गुरुवारी येणार आहे.